वीतभर वर

९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

तेजस्वी म्हणाली, जानकीताई, कामाची रोजची नोंद ठेवा. ठेवते. पण कामाची वही वेगळी नि रागाची वही वेगळी, असली थेरं मला जमायची नाहीत. दोन्ही हिच्यातच येईल. तिला दाखवायची वेळ आली तर पानं फाडीन.

ही तेजस्वी समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेतली. कुडाळची पोर, तिशीही गाठलेली नाही. मे महिन्यात तिनं ग्रामपंचायतीत पडदा लावून आलेख दाखवले. समुद्र किती चढला, वादळं किती वाढली. लोकांनी चहा घेतला, बिस्किटं खाल्ली आणि घरी गेले. मग कुणीतरी तिला सांगितलं, खाडीकाठी एक बाई आहे, मुंबईत बावीस वर्षं नाटकांचे पडदे रंगवून आलीय, तोंडाची फटकळ आहे पण हात चांगला. आली माझ्याकडे. म्हणाली, "आकडे लोकांच्या डोक्यात शिरत नाहीत हो." मी म्हटलं, "डोक्यात कशाला शिरायला हवेत? भिंतीवर काढू."

तर ठरलं ते असं. खाडीकाठच्या एकतीस घरांवर निळी रेघ मारायची. पौर्णिमेची भरती आणि वादळ एकाच दिवशी आलं तर पाणी कुठवर चढेल, त्याची रेघ. आणि रेघेच्या खाली त्या त्या घरातल्या वस्तू, बुडालेल्या, सगळ्या निळ्या. येता-जाता बघून पोटात गोळा यायला हवा.

आज धक्क्यावर नारळ सोडला. हरिश्चंद्रतात्या गावचे मानकरी, त्यांनी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, खाडयेक नारळ दिलो हा तो मान्य करून घे, लेकराबाळांची राखण कर म्हाराजा!" आम्ही सगळे, "व्हय म्हाराजा!" नारळ सोडायची पायरी ठरलेली, वरून तिसरी. तिला नारळाची पायरीच म्हणतात. दोन वर्षांमागे तेजस्वीनं आपलं यंत्र लावून नारळाच्या पायरीची उंची मोजून ठेवलीय. आमची प्रत्येक रेघ तिच्यावरूनच निघणार. आज तात्या पायरीवर उभे, तर पाणी त्यांच्या घोट्याच्या वर. माझी सावित्रीआत्या म्हणाली, "गेल्या वर्सापासून तात्यांचे पाय भिजतत. आदी कदी भिजाक नाय." तेजस्वीनं लगेच लिहून घेतलं. समुद्र चढतोय, म्हणाली.

लवू पुढेच उभा होता. पांढराशुभ्र शर्ट, कपाळाला कुंकू. "व्हय म्हाराजा" सगळ्यांत मोठ्यानं त्याचं. शिरा पडो त्याच्या तोंडार.

१७ ऑगस्ट

तेजस्वीला खाजणाचा, खाडीकाठच्या भातशेताचा, बांध दाखवायला नेलं. तिला उघाडी म्हणजे काय ते बघायचं होतं. बांधातलं लाकडी दार, दुसरं काय? भरती लागली की फळ्या टाकून बंद करायचं, म्हणजे खाडीचं खारं पाणी शेतात येत नाही. ओहोटीला उघडायचं. दार कुणी लावायचं याची घराघराला पाळी.

"आणि कुणी विसरलं तर?" तिनं विचारलं.

तिच्या समोरच होतं ते. आमचे शेताचे तीन कुणगे, भाताच्या जागी लव्हाळा. मी तिला काही बोलले नाही. इथे बोलते.

चार वर्षांमागे भात फुलोऱ्यावर असताना पाळी लवूची होती. लवू माझा सख्खा चुलतभाऊ. एका ताटात जेवलेलो आम्ही. त्यानं दोन दिवस उघाडी उघडी ठेवली, तोंडाला जाळं लावून कोळंबी धरायला. खारं पाणी शिरलं, भात उभंच्या उभं जळलं. आबा, माझे वडील, त्यानंतर रोज सकाळी बांधावर जाऊन नुसते बसायचे. दोन पावसाळे बसले, तिसऱ्याला गेले. मी मुंबईहून पोचले तर खांदा द्यायला लवू सर्वांत पुढे. मला म्हणतो, "वय झाला हुता गो." वय! त्या दिवशी ठरवलं, याला एकदा तरी बुडवीन.

आणि हा बघा कसा तरंगतोय. खाडीला लागून चार खोल्या काढल्यात, होमस्टे. पाहुण्यांच्या गाड्या दारात याव्यात म्हणून पंचायतीच्या मागे लागून धक्क्यापर्यंत काँक्रीटचा रस्ता ओतून घेतला, मी यायच्या जरा आधी. चांगला वीतभर जाड, थेट पायऱ्यांवर येऊन टेकलेला.

१२ सप्टेंबर

गणपती गेले, पाऊस उघडला, काम सुरू. हत्यार एकच, गवंड्याची पारदर्शक नळी. पाणी भरायचं, एक टोक पायरीवर उभ्या केलेल्या काठीच्या खुणेला, तेजस्वीच्या आकड्याएवढ्या उंचीवर, दुसरं भिंतीला. दोन्हीकडे पाणी एका पातळीत येतं, तिथे खूण. पायरीवरून पहिल्या घराला, पहिल्यावरून दुसऱ्याला. दुसरं टोक आत्या धरते. चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, डोळ्यांनी अधू, पण हात दगडासारखा. कुणी विचारलं की सांगते, "पाणी खोटां बोलणा नाय."

पहिलं घर आमचं. रेघ माझ्या कमरेशी आली. खाली आत्याचा नारळ खवायचा आडाळा काढला, कळशी काढली आणि उंबऱ्यापाशी आबांच्या चपला. आत्या भडकली. "आबाच्यो चपलो कित्याक बुडयलंस गो?" मी म्हटलं, बुडाल्यात त्या, मी नुसत्या काढल्या.

तात्यांकडे पखवाज काढला. यशोदाकडे शिलाई मशीन. ती म्हणते, निळा नको, गुलाबी कर. मी म्हटलं, "खाडी तुझ्यासाठी गुलाबी होणार आहे काय?"

पण खरं सांगते, लोक थांबतात. ज्यांनी आलेखाकडे पाठ केली तेच आपापल्या भिंतीसमोर उभे राहून विचारतात, जानके, ह्यां खरांच एवढ्यार येतला? बावीस वर्षं पडदे रंगवले, पण पडद्याला कुणी असं विचारलं नव्हतं.

२४ सप्टेंबर

आज लवूचं घर.

तो दारातच उभा. "ये गो जानके. रेघ बरी ठळक काढ. आतल्या खोल्येनीव काढ, पावण्यांक फोटो काढूक बरा." त्याची बायको शर्मिला कोकम घेऊन आली. मी घेतलं नाही. तहान नाही म्हटलं. घसा कोरडा पडला होता.

देवाशपथ सांगते, घरातून निघताना मनात फक्त चित्राचा खोडसाळपणा होता. नळी लावली. आत्या शेजारच्या अंगणात दुसरं टोक धरून बसलेली. पाणी खिडकीच्या जरा खाली स्थिर झालं. खोलीत बघितलं, ही रेघ पलंगाच्या कडेला लागत होती. एवढंच? याचे पाहुणे पाय वर घेऊन बसले की झालं? आबांच्या चपला बुडाल्या आणि याची गादीसुद्धा कोरडी?

मी अंगठा खुणेवर ठेवला आणि करंगळी ताणली. वीतभर वर दुसरी खूण केली. पहिली पुसली. मग रेघ मारली, बाहेरून, आतून, चारही खोल्यांत. आता ती पलंगावर झोपलेल्याच्या नाकावरून जाते.

आणि खाली चित्र असं काढलं की हातच थांबेना. एक गलेलठ्ठ पाहुणा, तोंड उघडं, झोपलाय. एक शेंगाळा मासा त्याच्या कानात तोंड घालतोय. बॅग तरंगतेय, दात घासायचा ब्रश तरंगतोय. शर्मिला बघून हसली, मग कोकमाचा पेला उचलून आत गेली.

पुढच्या घरासाठी नळी लवूच्या भिंतीवरून नाही घेतली, मागच्या घरावरून घेतली. बाकी सगळं चोख आहे. एका घराचाच प्रश्न.

२५ सप्टेंबर

आबा गेल्यापासून पहिल्यांदा सलग झोप लागली.

२९ सप्टेंबर

सकाळी लवू नळी घेऊन आपल्या नि शेजारच्या भिंतीमध्ये येरझाऱ्या घालत होता. मला बघून नळी गुंडाळली. पाण्याची टाकी बसयतंय, म्हणाला. बसव, दहा बसव.

मग म्हणाला, "जानके, रेघ बरोबर आसा मां?"

मी आत्याचंच वाक्य फेकलं, "पाणी खोटां बोलणा नाय."

"व्हय," म्हणाला. माझ्याकडे बघत राहिला. "बरां तर," म्हणून आत गेला.

मला हे आवडलं नाही. भांडायला यायला हवा होता.

९ ऑक्टोबर

शेंगाळ्याचा फोटो कुणीतरी मोबाईलवर फिरवला. पार मुंबईपर्यंत गेला. "इथे झोपाल तर मासे कान खातील." गावात आता लवूला शेंगाळा म्हणतात, तोंडावर. यशोदा तर म्हणाली, "बाकीच्यांपेक्षा लवूच्याच घरात पाणी वर कसा चडता? पाप वर चडता, पाप!" सगळे हसले. मी पण.

कुणीतरी खरंच विचारलं, असं कसं. मी सांगितलं, खाडीचं वळण आहे ना, तिथे प्रवाह अडतो, पाणी फुगतं. तेजस्वीच्या तोंडचे शब्द घेऊन माझं खोटं सजवलं. तेव्हा मात्र जरा टोचलं. ती पोर रात्रंदिवस आकडे मोजते, एक केसभर इकडेतिकडे झालं तर पुन्हा मोजते. तिनं फोनवर विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, ठाऊक नाही. तिनं विचारलं नाही. तिचा विश्वास आहे माझ्यावर.

टोचू दे. आबांना दोन वर्षं टोचत होतं.

१६ ऑक्टोबर

आत्यानं मागल्या दारच्या वाफ्यातलं भात कापलं. आबांचं बी. खाऱ्या मातीत तगणारं भात, आमच्या घराण्याचं, दुसरीकडे कुठे नाही. शेत जळल्यापासून आत्या दरवर्षी ते एवढ्याशा वाफ्यात पेरून जिवंत ठेवते. पुढच्या पावसाळ्यात मोठ्या कुणग्यात पेरायचं असं आम्ही दोघींनी ठरवलंय. बांध बांधून घेईन, लव्हाळा काढीन, आबांचं शेत उभं करीन. त्यासाठीच मी मुंबई सोडली, दुसरं काही मागे नव्हतंच.

तिनं पेंढ्यात बी आवळून मुडी बांधली. एक नाही, दोन. दुसरी कुणाला? तर म्हणते, लवूकडे.

मी ओरडलेच. "ज्यानं जाळलं त्याच्याच घरात?"

आत्या शांत. "बियाणा एका छपराखाली ठेवचा नसता. माझ्या बापाशीन तसाच केल्यान, आबान तसाच केल्यान. एक चूल इजली तर दुसरी आसा." शर्मिलेला मुडी नेऊन देऊन आली. मी जेवले नाही. आमची मुडी आमच्या फळीवर ठेवली, रेघेच्या वर चार बोटं.

२३ ऑक्टोबर

दिवाळीत लवूच्या चारही खोल्या रिकाम्या. पाच जणांनी येणं रद्द केलं. आकाशकंदील लावला होता तो एकटाच हलत होता. बघून आले. दोनदा बघून आले.

परतताना शर्मिला भेटली. डोळे सुजलेले. मला वाटलं शिव्या देईल. ती म्हणाली, "जानकीताई, मी सगळे पलंग चिऱ्यांवर चडयलंय. तांदूळ, कपडे, आत्येची मुडी माळ्यार. तुमच्या रेघेच्या वर सगळा. बरोबर मां?"

"बरोबर," म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

४ नोव्हेंबर

वादळाचा इशारा. उद्या पौर्णिमा, भरती दुपारी बाराला, आणि नेमकं तेव्हाच. तेजस्वीचा सकाळपासून तिसरा फोन. "ताई, रेघेच्या वर ठेवा म्हणावं सगळं." गावभर हाच शब्द. मी घरोघरी गेले. कुणी घाबरून धावत नव्हतं, सगळे रेघ बघून सामान चढवत होते. तात्यांनी पखवाज फळीवर ठेवला, रेघेच्या वर तीन बोटं. यशोदाचं मशीन आम्ही चौघींनी उचलून टेबलावर ठेवलं, बरोबर रेघेच्या वर. ती म्हणाली, "जानके, तुझी रेघ नसती तर आमका कळला असता काय?"

सगळ्यांनी आता टेकडीवरच्या शाळेत जायचं. अभिमान वाटला, लपवू कशाला.

६ नोव्हेंबर

माणसं सगळी शाबूत. ढोरंही. एवढं आधी लिहिते.

दुपारी बारा ते अडीच खाडी घरात होती. आज खाली उतरलो. आमच्या भिंतीवर चिखलाचा डाग बघितला. निळ्या रेघेच्या वर. किती वर? हात आपोआप गेला. अंगठा, करंगळी. वीतभर वर, दोन बोटं कमी.

मुडी फळीवरच होती. पेंढा सुटलेला, बी फुगून चिकट झालेलं. तोंडात घातलं तर खारट.

तात्यांच्या पखवाजाचं कातडं लोंबतंय. यशोदाच्या मशीनमध्ये चिखल. तीस घरं, सगळ्यांनी रेघेच्या वर ठेवलं, सगळ्यांचं गेलं. यशोदानं नुसतं भिंतीकडे बोट दाखवलं आणि ती थुंकली.

आणि लवूचं घर. रेघेच्या दोन बोटं खाली डाग. पलंग कोरडे. तांदूळ कोरडे. माळ्यावर मुडी कोरडी.

८ नोव्हेंबर

शर्मिला मुडी घेऊन आली, पदरात धरून, बाळ आणल्यासारखी. "तुमच्या रेघेन वाचली, जानकीताई." माझे हात पुढे होईनात. आत्यानं घेतली.

हे कसलं रे देवा म्हाराजा? मी त्याला बुडवायला निघाले आणि गावाला बुडवून त्यालाच वाचवलं. हसायचं की रडायचं? मी भिंतीवर डोकं आपटलं, एकदाच, फार जोरात नाही.

१२ नोव्हेंबर

तेजस्वी यंत्र घेऊन आली. दिवसभर मोजलं. तीस रेघा एका पातळीत, सगळ्या वीतभर खाली. एकच बरोबर. तिला काही कळेना. संध्याकाळी धक्क्यावर जाऊन बसली आणि आपले जुने फोटो बघता बघता उठून पायऱ्या मोजायला लागली. जुन्या फोटोत चिखलापर्यंत सहा पायऱ्या, आता पाच.

लवूच्या रस्त्यानं वरची पायरी गिळली. तिनं मोजलेली नारळाची पायरी आता वरून दुसरी आहे, आणि गाव आपलं जुन्या हिशोबानं वरून तिसरी धरून खालच्या पायरीवर उभं. तात्यांचे पाय भिजले त्याला समुद्र कारण नव्हता. म्हणजे समुद्र चढतोय हे खरं, तेजस्वीचा आकडा खरा, पायरी तेवढी खोटी. मी बावीस वर्षांनी परतलेली, मी कुणाला विचारलं? तात्यांना. तात्यांनी सांगितलं, वरसून तिसरी. त्यांच्या बापानंही तेच सांगितलं असतं.

एक क्षण मला उकळी फुटली. लवूचाच रस्ता! सापडला! मग तेजस्वी म्हणाली, "माझी पण चूक. पाय भिजले तेव्हा मी पुन्हा मोजायला हवं होतं." तिचा चेहरा एवढासा झाला होता. "पण ताई, हे एकच घर बरोबर कसं आलं तुमचं?"

मी म्हटलं, रविवारी सभा आहे ना, तिथे बोलू.

१५ नोव्हेंबर

लवू संध्याकाळी अंगणात आला. बसला नाही.

"जानके, तुझी रेघ वीतभर वर हुती. माका पाचव्या दिसाक कळला. नळी माकाव लावूक येता."

मी केरसुणी उचलून अंगण झाडायला लागले.

"उद्या सभेत मी कायएक सांगूचंय नाय. लोक म्हणतत जानक्येन लवूचा घर वाचयल्यान. म्हणांदेत."

"कळलं होतं तर बोलला का नाहीस?" माझा आवाज चिरकला. "दिवाळी गेली तुझी. शेंगाळा म्हणाले तुला!"

"काय बोलतलंय? तुका काय तरी करूचा हुता. करूक दिलंय."

करूक दिलंय! ऐका! मी दोन महिने दात खाऊन सूड घेतला, आणि हा म्हणतो मी घेऊ दिला. पोराच्या हाती खेळणं द्यावं तसा. शर्मिलेलासुद्धा सांगितलं नाही म्हणाला, म्हणून ती खरं समजून सामान चढवत बसली.

"चार वर्सां तू माझ्याकडे बघतंस," म्हणाला. "एकदा तरी माका इचारलंस काय?"

"चालता हो," म्हटलं. गेला.

आता माझं ठरलं. याच्या उपकाराखाली मी मरेपर्यंत राहणार नाही. उद्या सगळं सांगते, भर सभेत. मग बघू कसा मोठेपणा करतो ते.

१६ नोव्हेंबर

सांगितलं.

देवळासमोर सगळं गाव. तेजस्वी पायरीचं समजावून झाली, मग मी उठले. म्हटलं, पायरीची चूक आम्हा सगळ्यांची. पण लवूच्या भिंतीवर मी मुद्दाम वीतभर वर रेघ मारली. त्याचं वाटोळं व्हावं म्हणून. प्रवाह अडतो, पाणी फुगतं, ते सगळं खोटं. तेजस्वीला यातलं काही ठाऊक नव्हतं.

तेजस्वीनं मान खाली घातली. ते बघवलं नाही. यशोदा उठली. "माझी मशीन चिखलात आणि तू थंय वीत ताणत हुतंस? आता तुझ्या कुठल्या रेघेर इश्वास ठेवचो आमी?" बरोबर बोलली. चारी बाजूंनी लोक उठले. कुणी म्हणालं सगळ्या रेघा पुसून टाका, सगळं थोतांडच.

तेवढ्यात लवू उभा राहिला. मला वाटलं, आता मोठेपणा सुरू.

"त्या वर्सा उघाडी मियां उघडी ठेवलंय," म्हणाला. "दोन दीस. कोळंबीसाठी. काकांची शेती माझ्यामुळा गेली. काका बांधार बसत तेव्हा मी मागच्या वाटेन जायंय. तेंका तोंड दाखवक नाय."

चार वर्षं मी हे वाक्य ऐकायची वाट बघत होते. कितीदा मनात त्याच्या तोंडून वदवून घेतलं होतं, प्रत्येक वेळी मी वर उभी आणि तो खाली. आज आलं तेव्हा आम्ही दोघंही खालीच उभे होतो, सगळं गाव आमच्याकडे बघत होतं, आणि आत्या पदर तोंडाला लावून हुंदके देत होती. मला त्याचं तोंड फोडावंसं वाटलं. आणि आत्याला उठवून घरी न्यावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही.

तात्यांनी काठी आपटली. "थोतांड म्हणतलो तेना माझो पखवाज बघूचो. पाणी इला तां खरां मां? रेघो पुन्ना काढूच्यो. पोरीन मोजलेली पायरी खंयची ती तिनाच दाखवची, नि थंय दगडात खूण मारूची. आणि नळयेचा एक टोक जानकी धरतली, दुसरा लवू. एकट्याक सोडूचा नाय कोणाकच."

कुणीतरी हसलं. मग म्हणाले, व्हय म्हाराजा.

१९ नोव्हेंबर

दोन दिवस लवूबरोबर रेघा मारतेय. बोलणं एवढंच. वर. खाली. थांब. सोड. यशोदा दोन्ही टोकं स्वतः तपासते, मगच ब्रश लावू देते. तिनं मशीन गुलाबीच काढून घेतलं, मी निमूट काढलं. तेजस्वी पुन्हा आली, माझ्याशी कामापुरतं बोलते. तेवढं मिळतं हेच खूप.

आत्यानं त्या एका मुडीतलं बी काढून पुन्हा दोन बांधल्या, लहान लहान. एक लवूकडे. मीच नेऊन दिली. शर्मिलेनं कोकम दिलं, प्याले.

उद्या अमावस्या, उघाडीची पाळी आमची. फळ्या पाण्यानं फुगून जड झाल्यात. आत्या म्हणते लवूक बोलयतंय. मी म्हटलं, काही नको, मी एकटी टाकीन. राग गेलाय असं कुणी समजू नये.

आज शेवटचं घर आमचं होतं. मुद्दाम शेवटी ठेवलं. नवी रेघ जुन्या रेघेच्या वीतभर वर यायची होती, म्हणजे खालचं सगळं आणखी वीतभर खोल जाणार. मी भिंतीपाशी, लवू अंगणात टोक धरून. त्याची नजर उंबऱ्याजवळच्या चपलांवर गेली.

"काकांच्यो?"

"हो."

नळीतलं पाणी हलायला लागलं. वर, खाली, वर. मी ओरडले, "हात स्थिर धर!"

त्याला धरवेना. दोन्ही हातांनी धरून बघितलं, तरी नाही. मी खडू भिंतीला टेकवून उभी राहिले. पाणी थांबायला फार वेळ लागला.